टाकीआधी माणसं

वजनकाटा अंगणात येऊन बसला तेव्हाच धाकटीने नवऱ्याला सांगितलं, "आजचा दिवस काही धड जात नाही."

नवरा म्हणजे बाळ. दातांचा डॉक्टर, पन्नाशी उलटलेली, डोक्यावरचे केस हिशेबात धरण्यासारखे उरलेले नव्हते. पण या घरात तो बाळ होता आणि शेवटपर्यंत बाळच राहणार होता. तो म्हणाला, "अगं, नुसतं वजन तर करायचंय."

"मोठ्याने करायचंय," धाकटी म्हणाली. "तुझे दादा वजन मोठ्याने सांगतात."

ते खरं होतं. दादाची सगळी हयात वजनमापे खात्यात गेली. बाजारात शिरायचं, दुकानदारांचे काटे तपासायचे, खोटा निघाला की सील ठोकायचं, आणि वजन असं खणखणीत आवाजात सांगायचं की पलीकडच्या गल्लीतल्या गिऱ्हाइकाचेही कान टवकारले पाहिजेत. खात्याने मोडीत काढलेला एक पोती तोलायचा काटा निवृत्तीनंतर तो घरी घेऊन आला. खाली लोखंडी फळी, फळीच्या पुढे बशीएवढी तबकडी, तबकडीत काळी सुई. रोज सकाळी दादा तो मऊ फडक्याने पुसायचा. "माझं लग्न याच्याआधी झालंय, एवढंच माझं समाधान," असं त्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, म्हणायची.

आज त्या काट्यावर पोती चढणार नव्हती, घरची माणसं चढणार होती. कारण ताईची माशांची टाकी.

ताई दादाच्या पाठची, बाळच्या आधीची. तिचे यजमान, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे भावोजी, चष्म्याचं दुकान चालवायचे आणि दुकानामागच्या दोन खोल्यांत दोघं राहायची. गेल्या वर्षी भावोजी गेले. आता महिनाअखेरीला दुकान आणि खोल्या दोन्ही मालकाच्या ताब्यात द्यायच्या होत्या. बाळने ताईला आपल्या वरच्या मजल्यावर राहायला बोलावलं. ती म्हणाली, "येईन, पण टाकीसकट. टाकी चालत नसेल तर तसं सांगा, मी नणंदेच्या गावाला जाते. तिने एक खोली बघून ठेवलीय, तळमजल्याची."

नणंदेचं गाव जवळ नव्हतं आणि नणंदही काही फार गोड नव्हती. ताई तिकडे गेली तर सणासुदीलासुद्धा दिसणार नाही, हे सगळ्यांना कळत होतं.

टाकी मात्र साधीसुधी नव्हती. सहा फूट लांब, दोन फूट रुंद, भावोजींनी मुद्दाम करून घेतलेली. ज्या पोरांना अजून अक्षरं येत नाहीत त्यांचे डोळे तपासायचे कसे, या प्रश्नावर त्यांनी काढलेली ती तोड होती. पोराला दुकानाच्या दारात उभं करायचं आणि विचारायचं, "डावीकडून तिसऱ्या माशाच्या अंगावर पट्टे किती?" चार म्हणालं की लिमलेटची गोळी, तीन म्हणालं की चष्मा. अर्ध्या गावाला चष्मे त्या माशांनी लावले होते. पाणी, काच, दगड आणि खालचा लोखंडी घोडा धरून तिचं वजन हजार किलोंवर जात होतं, आणि बाळच्या घरात ती जिथे मावत होती ती जागा बरोबर दादाच्या पलंगावर येत होती.

"माझ्या छातीवर टनभर मासे नकोत," दादाने सांगून टाकलं होतं.

"मासे कुठे टनभर आहेत? पाणी टनभर आहे," बाळ म्हणाला होता. तेव्हापासून दोघे भाऊ जिन्यात समोरासमोर आले की एकजण भिंतीकडे बघायचा आणि दुसरा कठड्याकडे.

आणि यात खरी पंचाईत वेगळीच होती. घर वडिलांनी बांधलं होतं. ते स्वतः गवंडी. स्लॅब पडला तेव्हा घमेली त्यांनी स्वतः वाहिली होती. स्लॅब टाकी पेलणार नाही म्हणावं तर वडिलांचं काम कच्चं ठरतं, पेलेल म्हणावं तर बाळ खरा ठरतो. दादाला दोन्ही घशाखाली उतरत नव्हतं. शेवटी माईने, म्हणजे त्यांच्या आईने, खुर्चीतून निकाल दिला: "ह्यांच्या रीतीने करा आणि मोकळे व्हा."

वडिलांची रीत साधी होती. आधी माणसं, मग सामान. नवा पलंग, नवा माळा, मोरीवरची नवी फळी, काहीही असो. आधी घरच्यांनी त्यावर उभं राहायचं. आपण पडलो तर आपलं चुकलं, दुसऱ्याचं सामान फुटायला नको, असं ते म्हणायचे. स्लॅबची फळकुटं निघाली त्या दिवशी त्यांनी सगळ्या गोतावळ्याला वर चढवून उभं केलं होतं. त्याचा फोटो बैठकीच्या भिंतीवर अजून होता. तेव्हा आता टाकीच्या वजनाची माणसं गोळा करायची आणि टाकीच्या जागेत उभी करायची, असं ठरलं.

या सगळ्यात एक माणूस गप्प होतं. दादाची सून. ती पूल बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होती. कुठल्या खांबाने किती भार घ्यायचा हे ठरवणं हाच तिचा धंदा. तिने पहिल्या दिवशीच तोंड उघडून बघितलं होतं. "दादा, मी एकदा बघू का? म्हणजे गज कसे टाकलेत ते कळलं तर..." सगळं घर त्यांना दादाच म्हणायचं, तीसुद्धा.

दादा प्रेमाने म्हणाला होता, "तू पुलांचं बघ गं. हे घर आहे."

*

माणसं जमवायला काका उपयोगी पडले. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ, वय झालेले, पोट त्याहून जास्त झालेलं. ते काकू, तीन मुलगे आणि तीन सुना असा सगळा फौजफाटा घेऊन आले आणि आल्याआल्या विचारलं, "आधी चहा की आधी स्लॅब?"

"आधी काटा," दादा म्हणाला.

काका फळीवर चढले. दादा दोन पावलं मागे, ताठ उभा, हात पाठीशी बांधलेले. नोकरीत असताना तो प्रत्येक तबकडीपुढे उकिडवा बसून नाक लावून सुई बघायचा. आता कंबर वाकू देत नव्हती. त्याने उभ्याउभ्या खाली नजर टाकली, डोळे किंचित बारीक केले आणि गर्जना केली, "एकशे बारा!"

"काय सांगतोस!" काका खूश झाले. वजन वाढलं की खूश होणारा त्या अंगणात तो एकटाच माणूस होता.

काट्याच्या बाजूला सून उभी होती. सुई अठ्ठ्याण्णववर होती. तिला वाटलं, आपलंच चुकलं असेल. मग वहिनी चढली. सुई एकसष्टवर थांबली आणि दादा म्हणाला, "शहात्तर!"

"घ्या," वहिनी म्हणाली. "संसाराचं ओझंही धरलेलं दिसतंय."

बाळ चढला. सुई चौऱ्याऐंशी. दादा म्हणाला, "सत्तर." सुनेच्या हळूहळू लक्षात यायला लागलं. दादाला सुई दिसतच नव्हती. तो माणूस बघत होता आणि त्याच्या मनात त्या माणसाचं जे वजन होतं ते सांगत होता. काका भारी, बाळ अजून पोरच, आणि ज्याच्याशी वाकडं त्याचं...

"ब्याऐंशी!" धाकटी चढल्यावर दादा गरजला.

 काकांच्या तिन्ही सुनांनी एकाच वेळी आपापल्या चपलांकडे बघितलं.

"किती?" धाकटीने विचारलं.

"ब्याऐंशी. काटा खोटं बोलत नाही."

धाकटीने खाली तबकडीकडे बघितलं. सुई चौसष्टवर होती, लख्ख. तिने तोंड उघडलं, तेवढ्यात सुनेने तिचा दंड धरला आणि तिला कुंडीच्या मागे ओढून नेलं.

"धाकट्या काकू, नका बोलू."

"अगं, अठरा किलो! अठरा किलो म्हणजे एक आख्खं पोर झालं!"

"त्यांना दिसत नाहीये."

"ते काय मला माहीत नाही?" धाकटी कुजबुजली. "सगळ्या घराला माहीत आहे. रस्त्यावर मला ओळखत नाहीत आणि मग घरी येऊन म्हणतात, धाकटीने मान वळवली. पण सांगणार कोण? भावोजींनी सांगितलं होतं, त्यांचं काय झालं बघितलंस ना?"

सुनेने बघितलं नव्हतं, ती तेव्हा या घरात आली नव्हती. पण ऐकलं सगळ्यांकडून होतं, प्रत्येकाकडून थोडं थोडं.

दादाच्या वह्या नव्हत्या, कागद नव्हते. बेरीज तो तोंडी करायचा. काकांची फौज झाली, दादाचा मुलगा झाला, आणि शेवटी तेरावी ताई चढली तेव्हा त्याने तिच्याकडे न बघताच म्हटलं, "पन्नास," आणि मग जाहीर केलं, "हजार आणि वर सहा. चला वर."

सुनेच्या डोक्यात दुसरी बेरीज चालली होती. तिची साडेआठशेच्या अलीकडेच थांबली.

*

वर बाळने फरशीवर खडूने चौकोन आखून ठेवला होता, सहा फूट बाय दोन. त्यात तेरा माणसं मावतात हे कोणी तोंडी सांगितलं असतं तर ताईचा विश्वास बसला नसता.

"काका, पोट आत घ्या."

"हे आतच आहे."

"माझ्या पायावर कोण आहे?"

"सासूबाई, तो माझा पाय आहे, तुमचा इकडे आहे."

"रेषेच्या बाहेर कोणी जायचं नाही," बाळ म्हणाला. त्याचं नाक वहिनीच्या अंबाड्यात होतं. "आणि हलायचं नाही. पाच मिनिटं."

"मासे हलणार नाहीत का?" काकांनी विचारलं. "मी तर म्हणतो, एक बारीक उडी मारून बघू. सगळ्यांनी मिळून."

"नको!" तेरा जणांपैकी अकरा जण ओरडले. राहिलेल्या दोघांत एक काका होते आणि दुसरा त्यांचा थोरला मुलगा.

ताई मधोमध उभी होती, सगळ्या बाजूंनी चेपलेली. गेल्या वर्षभरात तिला इतक्या माणसांचा इतका स्पर्श झाला नव्हता. काकूंच्या पदराला वाफाळत्या इस्त्रीचा वास होता. धाकटीची कोपरं टोचत होती. आणि ताईला एकदम रडू आलं आणि त्याच वेळी हसूही आलं, आणि या गर्दीत डोळे पुसायला हात वर काढणं शक्य नव्हतं.

"रडतेस का?" धाकटीने कानाशी विचारलं.

"नाही गं. तुझी कोपरं."

"ताई, एक विचारू? तुम्ही दादांना का नाही विचारलंत? खाली?"

 ताई काय सांगणार? किती वर्षं झाली त्याला. दादा दुकानात आला होता, भावोजींनी हौसेने त्याला दारात उभं केलं आणि गिऱ्हाइकांच्या गर्दीत विचारलं, "सांगा मेव्हणे, तिसऱ्या माशाला पट्टे किती?" दादा म्हणाला, "दोन." बेंचवर बसलेली चार वर्षांची पोरगी खदखदून हसली आणि म्हणाली, "चार!" भावोजीही हसले. म्हणाले, "मेव्हणे, तुम्ही काटे तपासता आणि तुम्हाला मासा दिसत नाही? खात्याला कळवायला पाहिजे." गमतीत म्हणाले. पण दादा वळला आणि त्या दुकानाची पायरी पुन्हा चढला नाही. भाऊबहिणीचं बोलणं तुटलं नाही, पण पातळ झालं. भावोजी गेले तेव्हा तो आला, सगळं केलं, खांदा दिला, आणि एक शब्द न बोलता निघून गेला. अशा माणसाच्या बैठकीत तीच टाकी ठेवा म्हणून कोणत्या तोंडाने सांगायचं?

"त्याला चालणार नाही," ताई धाकटीला म्हणाली. "माझं मला माहीत आहे ना."

"पायांना मुंग्या यायला लागल्या," काकू म्हणाल्या.

"अजून दोन मिनिटं!" बाळ अंबाड्यातून म्हणाला.

*

खाली दादा आपल्या पलंगावर उताणा पडला होता. हात छातीवर, नजर छतावर. पडलाच स्लॅब तर जबाबदार अधिकारी म्हणून आपण खाली असलं पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वहिनीने वर जाताना बजावलं होतं, "छत्री तरी घ्या," आणि त्याने ते थट्टा समजून सोडून दिलं होतं. सून पलंगाशेजारी उभी होती. दारात माई खुर्चीत बसलेली.

वरून आवाज येत होते. पाय सरकण्याचे, काकांचे, मग एकदम सगळ्यांच्या हसण्याचे.

"ऐकतेस?" दादा छताकडे बघत म्हणाला. "तेव्हाही असंच. बाबांनी सगळ्यांना उभं केलं आणि काकाने उडी मारली. बाबांनी त्याच्या अशी कानाखाली दिली. तो फोटो बघितलायस ना बैठकीतला?"

"बघितलाय."

"त्यात ताई कुठे आहे सांग."

"तुमच्या खांद्यावर."

"तिला खाली सोडलंच नव्हतं मी. स्लॅब ओला आहे की काय, तिचे पाय खराब होतील म्हणून. बाबा म्हणाले, तिला पण उभी कर. मी म्हटलं, तिचं वजन माझ्यातून येतंय की खाली." तो कुशीवर वळला आणि पुन्हा उताणा झाला. "आता बाळला विचारते. बाळ तेव्हा पाळण्यात होता."

 सुनेला पहिल्यांदाच कळलं की हे भांडण वजनाचं नव्हतंच.

"मला म्हणाली असती तर मी नाही म्हटलं असतं का?" दादाने छताला विचारलं.

छताने उत्तर दिलं. पंख्याच्या बुडापासून खिडकीकडे गेलेला एक तडा होता, जुनाच, सुनेने लग्न होऊन आल्यावर पहिल्या आठवड्यात बघितलेला. आता त्याच्या कडेचा रंग सुटला आणि नखाएवढा पापुद्रा तरंगत तरंगत खाली येऊन दादाच्या कपाळावर बसला. मागोमाग चिमूटभर चुना त्याच्या मिशीत पडला.

"ठणठणीत आहे," दादा म्हणाला. "एक रेघ नाही. बाबांचं काम."

"दादा, तुमच्या कपाळावर..."

"घाम असेल. उकडतंय."

सुनेने माईकडे बघितलं. माई तिच्याकडेच बघत होती. म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि तेव्हापासून तिला नको ते सगळं दिसायचं. तिने हळूच मान हलवली. आता तूच काय ते बघ, असं.

सून जिन्याशी जाऊन वर ओरडली, "उतरा! एकेक जण, सावकाश! आणि काका, कृपा करून उडी नको!"

*

सगळे खाली दादाच्या खोलीत जमले. काकू पाय चोळत बसल्या. दादा उठून उभा राहिला, कपाळावर पापुद्रा तसाच, आणि खात्याच्या कारभारात शोभेल अशा आवाजात म्हणाला, "पास."

बाळला वाटलं, चुकून ऐकलं. "काय?"

"पास म्हटलं. स्लॅबने हजार किलो पेललं. टाकी येऊ दे वर. माझी हरकत मागे."

काय झालं हे कोणाला कळेना. ज्याने महिनाभर नाही नाही म्हणून घर डोक्यावर घेतलं तोच हो म्हणत होता. बाळ पुढे होऊन दादाच्या पाया पडायच्या बेतात आला. ताईचा चेहरा उजळला. आणि नेमकी तेव्हाच सून म्हणाली, "नाही."

सगळे तिच्याकडे वळले.

"स्लॅब पास नाही झाला, दादा. वर हजार किलो नव्हतेच. साडेआठशे पण नव्हते. आणि माणसं पाच मिनिटं उभी राहिली, उतरली. पाणी उतरत नाही. रात्रंदिवस तिथेच बसून राहतं, वर्षानुवर्षं. स्लॅब आज वाकला नाही तरी हळूहळू वाकतो. आत गज कसे आहेत ते उघडून बघितल्याशिवाय मी तरी तुम्हाला त्याच्याखाली झोपू देणार नाही."

"साडेआठशे कसे?" दादा म्हणाला. "काट्यावर बघून घेतलंय मी."

 काका खिडकीबाहेर बघायला लागले. धाकटीने मनात म्हटलं, बोल, कोणीतरी बोल. आणि अठरा किलोंचा राग गिळून ती स्वतः मात्र गप्प राहिली, कारण दादाचा चेहरा तिला बघवेना.

ताई म्हणाली, "राहू दे गं सूनबाई. राहू दे सगळं. मी जाते नणंदेकडे. एवढ्या सगळ्यांचा जीव टांगणीला कशाला?"

"तू गप्प बस," दादा म्हणाला. "माझा काटा चुकला असं म्हणणं आहे का?"

"काटा नाही चुकला," सून म्हणाली.  पुलाच्या कामावर ती कंत्राटदारांना फैलावर घ्यायची, पण इथे समोर सासरा होता. "दादा, वर बघा. छताला तडा कुठून कुठपर्यंत आहे?"

दादाने मान वर केली. डोळे बारीक केले. बराच वेळ बघितलं.

"कुठला तडा?"

मग सगळ्यांनी वर बघितलं, आणि दादाला समजायचं ते त्या माना वर होण्यातूनच समजलं. तेरा जणांच्या नजरा एका ओळीत पंख्यापासून खिडकीकडे गेल्या.

"अरे, तो तडा मलाही दिसतो," माई म्हणाली. "माझ्या वयाची लाज बाळग."

दादा पलंगावर बसला. हात कपाळाकडे गेला, पापुद्रा बोटाला लागला. त्याने तो डोळ्यांजवळ, अगदी नाकाशी धरून बघितला.

"किती दिवसांपासून आहे?"

"बरेच," वहिनी म्हणाली.

"आणि मला कोणी सांगितलं नाही."

"तुमच्याच डोक्यावर होता," वहिनी म्हणाली. "आणि तुम्हाला सांगायचं कोणी? एकाने सांगितलं होतं."

 ताई दादासमोर जमिनीवर बसली. लहानपणी बसायची तशी, गुडघ्यांना मिठी मारून.

"लोकांसमोर बोलायला नको होतं ह्यांनी," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी म्हटलं होतं. नंतर किती वेळा तुझ्या दारापर्यंत येऊन परत गेले ते. म्हणायचे, मेव्हण्यांना काय सांगू, मासा चुकला म्हणू का?"

"त्यांचं बरोबर होतं," दादा म्हणाला. त्याला वाईट वाटत होतं, नुसतं वाईट नाही, आतून पिळवटल्यासारखं. एवढ्या वर्षांचा राग एका पापुद्र्यावर संपला होता आणि ज्याच्यावर तो राग होता तो माणूसच आता उरला नव्हता. "मला दोनच दिसले होते. तेही अंदाजाने."

काका घसा खाकरून म्हणाले, "म्हणजे माझं वजन एकशे बारा नाही?"

"अठ्ठ्याण्णव," सून म्हणाली.

"छ्या!" काकांचं तोंड उतरलं.

"आणि माझं?" धाकटीने विचारलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"चौसष्ट."

"मोठ्याने सांग."

"चौसष्ट!"

हसण्याचा पहिला आवाज माईचा होता. मग बाळ, मग काकांची फौज. दादा हसला नाही, पण त्याने पाय जमिनीवर आपटून बघितला, एकदा, मग पुन्हा, आणि सुनेला विचारलं, "या फरशीखाली काय आहे गं?"

"जमीन आहे, दादा. बाबांनी दगड घालून दाबलेली."

"ही किती पेलेल?"

"हत्ती बांधा."

"मग इतके दिवस वर कशाला चाललं होतं?"

याचं उत्तर खोलीतल्या प्रत्येकाजवळ होतं. शेवटी माई म्हणाली, "तू बोलवलं नाहीस आणि तिने विचारलं नाही. दोघांची वजनं सारखी."

दादाने ताईकडे बघितलं. इतक्या अंतरावरून त्याला ती नीट दिसत होती की नव्हती, कोण जाणे.

"पलंग तिकडे भिंतीला जाईल," तो म्हणाला. "इथे टाकी. तुला माईच्या शेजारची खोली. बाळ, तू वर मोकळाच राहा, तुझा स्लॅब कच्चा आहे."

"स्लॅब बाबांचा आहे," बाळ म्हणाला.

"वरून तो तुझाच."

*

टाकी आली, बसली, भरली. पाणी निवळेपर्यंत मासे बादल्यांत राहिले आणि वहिनी त्या बादल्यांना ठेचकाळत, शिव्या देत फिरत राहिली. ज्या दिवशी ते टाकीत सोडले त्या संध्याकाळी ताईने दादाला हाताला धरून दारात उभं केलं. खोलीत आणखी कोणी नाही, हे तिने आधी बघून घेतलं होतं. धाकटी जिन्यात बसून ऐकत होती ते तिला माहीत नव्हतं.

"डावीकडून तिसऱ्या माशाला पट्टे किती?"

दादाने डोळे बारीक केले, मग मोठे केले, मग प्रामाणिकपणे म्हणाला, "तिसरा कुठला? मला एकच मोठा मासा दिसतोय."

ताई हसली. वर्षभरात ती अशी हसली नव्हती. जिन्यातल्या धाकटीने तोंडावर हात दाबून घेतला. ताईने पेटीतून भावोजींची तपासणीची फ्रेम काढली, ती काळी, गोल खाचांची, आणि दादाच्या नाकावर चढवली. एक भिंग घातलं, काढलं, दुसरं घातलं. तिचे हात सवयीने चालत होते, तीस वर्षं नवऱ्याला भिंगं पुसून देण्याच्या सवयीने.

"आता?"

 टाकीत मासे होते, एकेक वेगळा. त्यांना डोळे होते. गवत होतं, त्याला पानं होती. तिसरा मासा वळला, संथपणे त्याच्यासमोर आला आणि थांबला.

"चार," दादा म्हणाला. मग जरा वेळाने, "तेव्हाही चारच होते?"

"तेव्हाचा मासा कधीच गेला, दादा. हा दुसरा. पट्टे चारच."

दादाने मान हलवली. भिंगांच्या आतून पाणी ओघळलं ते त्याने पुसलं नाही, कारण पुसायला फ्रेम काढावी लागली असती आणि फ्रेम त्याला काढायची नव्हती. तो वळला आणि त्याने बहिणीकडे बघितलं. पांढरे केस, डोळ्यांखालच्या सुरकुत्या, हनुवटीवरची ती लहानपणी अंगणात पडल्याची खूण, सगळं.

"केवढी म्हातारी झालीस गं," तो म्हणाला. "मला कोणी सांगितलंच नाही."